परागंदा पेशवा

राज्य गमावलेले पुराणांतले राजे वनात जातात. इतिहासातले परराज्यात जातात. वनात जाणाऱ्याला वल्कले नेसावी लागतात, कंदमुळांवर दिवस काढावे लागतात, आणि बरोबर फारसे काही नेता येत नाही. परराज्यात जाणाऱ्याचे तसे नसते. त्याच्याबरोबर जवाहिराची पेटी असते, दोन-चार विश्वासू कारकून असतात आणि आपल्यावर घोर अन्याय झाला आहे अशी फिर्यादही असते. ज्याच्या दारात तो उभा राहतो तो यजमान बहुधा आधी पेटीकडे पाहतो आणि फिर्याद मागाहून ऐकतो. मराठ्यांच्या इतिहासात असा एक पाहुणा परक्याच्या दारात गेला आणि त्या पाहुणचाराचे देणे त्याच्या मागून राहिलेल्यांना फेडावे लागले. तो पाहुणा म्हणजे रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा पेशवा.

शाळेच्या पुस्तकात नारायणरावाच्या खुनाचा धडा रामशास्त्र्यांच्या निवाड्यापाशी संपतो. शास्त्रीबुवांनी प्रत्यक्ष पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पुणे सोडून गेले, एवढे वाचून होईपर्यंत वर्ग अगदी चिडीचूप असतो. धडा संपला की मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास विचारतो, ‘‘गुरुजी, मग दादाला शिक्षा झाली का हो?’’ प्रश्न सरळ आहे, उत्तर मात्र सरळ नाही. ते द्यायला दहा वर्षांची हकीकत सांगावी लागते. ती पुण्याहून निघते, सुरत, मुंबई, कलकत्ता आणि लंडनपर्यंत फिरते आणि अखेर गोदावरीच्या काठी कोपरगावास येऊन थांबते. तासाच्या उरल्या पाच मिनिटांत ती सांगून होत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर सांगतो.

राघोबा हा काही सामान्य माणूस नव्हता. थोरल्या बाजीरावाचा तो मुलगा. जन्म १७३४ चा. १७५८ साली मराठ्यांची घोडी अटकेपर्यंत गेली ती त्याच्याच मोहिमेत. शौर्य होते, उमेद होती; पण हिशेब नव्हता आणि सबुरी तर नव्हतीच. पानिपतानंतर पुतण्या माधवराव गादीवर आला तेव्हा काकांना वाटले, कारभार आपला. तसे घडेना म्हणताच १७६२ साली त्याने निजामाची मदत घेऊन आळेगावी पुतण्याच्या फौजेला पेचात धरले. घरच्या भांडणात परक्याला बोलावण्याचा हा त्याचा पहिला धडा. माधवरावाने तेव्हा नमते घेतले. पण पुढे १७६८ साली धोडपला काकांना हरवून पुण्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वारला. सतरा-अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा झाला आणि काका कैदेतच राहिले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ३० ऑगस्ट १७७३. भाद्रपदातले दिवस, शनिवारवाड्यात गणपतीचा उत्सव चाललेला. पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून गारदी वाड्यात घुसले. नारायणराव धावत काकांच्या महालात गेला आणि त्याने काकांना मिठी घातली. सुमेरसिंग गारदी आणि तुळाजी पवार यांनी त्याला तेथून ओढून काढले. चाफाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्याच्या अंगावर आपले अंग टाकले. दोघेही तोडले गेले. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती मोठी नाट्यमय आहे, परंतु समकालीन पुराव्याने सिद्ध झालेली नाही. एका अक्षराच्या फरकाने सगळा दोष एका बाईच्या लेखणीवर जातो आणि पुरुषांचे कारस्थान सुटून जाते, म्हणूनही ती लोकांना प्रिय झाली असेल.

खुनाचा तपास रामशास्त्री प्रभुणे यांनी केला. माहुलीचे हे शास्त्री पेशव्यांचेच न्यायाधीश. म्हणजे ज्याची चौकशी करायची त्याचेच नोकर. खून झाल्यावर राघोबाने पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून आणवली होती. छत्रपतींनी वस्त्रे दिली, मुत्सद्द्यांनी मुजरे केले. शास्त्र्यांनी मात्र काम सोडले नाही. सुमारे पन्नास माणसे त्यांना या कटात गुंतलेली आढळली आणि त्यांत पहिला दोषी त्यांनी धरला तो खुद्द पेशवा. निवाडा सांगून ते नोकरी सोडून वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले आणि राघोबाचा अंमल होता तोवर पुण्यास परत आले नाहीत.

या निवाड्याचा आपण नेहमी गौरव करतो, आणि तो योग्यच आहे. पण त्या निवाड्यात काय कमी होते तेही पाहिले पाहिजे. न्यायाधीशाजवळ शब्द होता, हात नव्हता. शिक्षेची अंमलबजावणी करणारी सत्ता हीच आरोपी होती. पेशव्याच्या वर नावाला छत्रपती होते, पण ते स्वतःच साताऱ्यात बंदिवानासारखे. अशा स्थितीत निवाडा म्हणजे भिंतीवर लिहिलेली अक्षरे. ती वाचून कोणी उठला तर उपयोग, नाही तर पावसाने धुऊन जायची.

सुदैवाने उठणारे निघाले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आदी मंडळींनी बारभाईंची मसलत उभी केली. नारायणरावाची गरोदर पत्नी गंगाबाई हिला १७७४ च्या जानेवारीत पुरंदरावर नेऊन ठेवले. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली. बारभाई सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असे नाही. त्यांच्यातल्या थोरल्या सखारामबापूचेच हात खुनाच्या आधीच्या मसलतीपासून कितपत दूर होते याचा संशय होता. पुढे राघोबाशी गुप्त पत्रव्यवहाराबद्दल त्याला कैदेत पडावे लागले आणि तो कैदेतच मेला. पाळण्यातल्या पेशव्याच्या नावाने कारभार करायला मिळणे हाही काही लहान लाभ नव्हता. पण न्यायाच्या मागे स्वार्थ उभा असला म्हणजे न्याय खोटा ठरत नाही. स्वार्थाने का होईना, पण खुनाबद्दल जाब विचारणारे एक सरकार पुण्यात उभे राहिले, ही गोष्ट खरी.

आता राघोबाची धावाधाव सुरू झाली. मार्च १७७४ मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला त्याने त्रिंबकराव पेठ्यांना गाठले. त्या लढाईच्या जखमांनी पेठे गेले. परंतु ती जीत कामास आली नाही. पुण्याकडे जाण्याची हिंमत होईना म्हणून तो उत्तरेकडे वळला. बऱ्हाणपूर, माळवा असे करीत शिंदे-होळकरांची मनधरणी करून पाहिली. गरोदर आनंदीबाईला धारच्या किल्ल्यात ठेवले. तेथेच १० जानेवारी १७७५ रोजी दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. राघोबा गुजरातेत उतरला. फेब्रुवारीत महीकाठी हरिपंत फडक्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडवली. तो खंबायतेस पळाला. तेथल्या नबाबाला आपल्या शहरावर हे बालंट नको होते. मग इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख चार्ल्स मॅलेट याने त्याला भावनगरकडे काढून दिले, आणि तेथून गलबतात बसून अटकेपार झेंडे नेणारा हा पेशवा फेब्रुवारीअखेर सुरतेस इंग्रजांच्या आश्रयाला पोहोचला.

यजमान काही झोपेतून उठून दार उघडायला आला नव्हता. मुंबईकर इंग्रजांचा डोळा कित्येक वर्षे साष्टी आणि वसईवर होता. मुंबई बेट त्यांचे. पण बेटाला लागूनची साष्टी मराठ्यांची. धान्य, लाकूडफाटा, भाजीपाला, सगळे त्या बाजूने यायचे. त्यांचा वकील मॉस्टिन १७७२ पासून पुण्यात बसून वाड्यातली भांडणे टिपून घेत होता. १७७४ च्या उत्तरार्धात राघोबाशी बोलणी चालली तेव्हा इंग्रजांनी साष्टी-वसई मागितली, आणि राघोबाने नाही म्हटले. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वेळी त्याच्या मागे फौज होती. मुंबईकरांनी मग वाट पाहिली नाही. डिसेंबरअखेर ठाण्याच्या किल्ल्यावर तोफा डागून तो घेतला आणि साष्टी बळकावली. दोन महिन्यांनी राघोबा एकटा सुरतेच्या बंदरात उतरला तेव्हा, आधी घेतलेल्या मालाची पावती तेवढी त्याच्याकडून लिहून घ्यायची राहिली होती.

ती पावती म्हणजे मार्च १७७५ च्या पहिल्या आठवड्यात झालेला सुरतेचा तह. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची. राघोबाने तिच्या खर्चाला दरमहा दीड लाख रुपये द्यायचे. रोख नव्हती, म्हणून सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे. साष्टी, वसई आणि जवळची बेटे कायमची तोडून द्यायची. वर सुरत-भडोचकडच्या वसुलात वाटा. फौज असताना ज्याला तो नाही म्हणाला होता, त्या सगळ्याला त्याने हो म्हटले.

त्या सहा लाखांच्या जवाहिराचा विचार करावा. ते कोणाचे होते? पेशव्यांचा जामदारखाना आणि राज्याचा खजिना यांत त्या काळी भिंत नव्हती. मोहिमांची लूट, चौथाई, सरदेशमुखी आणि शेवटी कुणब्याच्या शेतातला सारा, यांतूनच ते मोती आणि हिरे आले होते. परागंदा होणारा धनी जे बरोबर नेतो त्याला तो ‘माझे’ म्हणतो. आणि साष्टी-वसई? १७३७ साली ठाणे आणि साष्टी, १७३९ साली वसई, हा मुलूख चिमाजीअप्पाने फिरंग्यांकडून घेतला होता. वसईच्या वेढ्यात हजारो मराठे पडले. चिमाजीअप्पा हा राघोबाचा सख्खा चुलता. चुलत्याने रक्त सांडून घेतलेला मुलूख पुतण्याने आपला जीव वाचवायला लिहून दिला. माणूस स्वतःचे घर विकून वकिलाची फी देतो ते आपण समजू शकतो. राघोबाने गावचे गायरान विकून फी दिली.

कोणी म्हणेल, शरण आलेल्याला आश्रय देणे हा तर धर्म आहे. आहेच. पण आश्रय आणि भाडे यांत फरक असतो. शिबिराजाने कपोताला अभय दिले तेव्हा मांस आपले कापून दिले, कपोताकडून तारण मागितले नाही. इंग्रजांना खुनाच्या आरोपाबद्दल काहीच वाटत नव्हते असे मात्र म्हणू नये. गुन्ह्याबद्दल ते अतिशय कडक असू शकत. ज्या वर्षी मुंबईकरांनी राघोबाला पंखाखाली घेतले त्याच वर्षी, ५ ऑगस्ट १७७५ रोजी, कलकत्त्यात त्यांच्या नव्या सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने महाराजा नंदकुमार या ब्राह्मणाला फाशी देण्यात आले. गुन्हा कोणता? खोटा दस्तऐवज केल्याचा. हिंदुस्थानच्या एका टोकाला इंग्रजांच्या कायद्याने दस्तऐवजासाठी माणूस फासावर जातो, आणि दुसऱ्या टोकाला पुतण्याच्या खुनात दोषी ठरलेल्या माणसाला तोच इंग्रज फौज देतो. कायदा पुस्तकात एकच होता. तो कोणाच्या बाबतीत उघडायचा आणि कोणाच्या बाबतीत मिटायचा, एवढाच प्रश्न होता.

मे १७७५ मध्ये कर्नल कीटिंगच्या फौजेची अडासला मराठ्यांशी लढाई झाली. तिकडे कलकत्त्याच्या कौन्सिलाला मुंबईकरांचा हा उपद्व्याप पसंत पडला नाही. आपल्याला न विचारता युद्ध केले म्हणून त्यांनी तह करायला कर्नल अप्टनला पाठवले. तो पुरंदरास आला तेव्हा पुण्याच्या कारभाऱ्यांनी दोन गोष्टी मागितल्या. साष्टी परत द्या, आणि राघोबाला आमच्या हवाली करा. पहिली त्यांनी दिली नाही, दुसरीही दिली नाही. १ मार्च १७७६ च्या तहात असे ठरले की राघोबाने फौज मोडून कोपरगावी राहावे, दरमहा पंचवीस हजार रुपये नेमणूक घ्यावी. इंग्रजांना खर्चापोटी बारा लाख मिळावेत आणि साष्टी त्यांच्याकडेच राहावी. खुनाबद्दल एक अक्षर नाही. राघोबाने हेही मानले नाही आणि मुंबईकरांनीही त्याला घालवले नाही. १७७६ च्या अखेरीस तो मुंबईत येऊन राहिला. कारण साधे होते. पुण्यावर केव्हा ना केव्हा स्वारी करायची तर बरोबर न्यायला एक पेशवा हाताशी असावा.

याच काळात लहान माणसांचे काय झाले तेही पाहावे. महंमद इसफ गारदी पकडला गेला आणि मारला गेला. खरकसिंग आणि तुळाजी पवार हैदरअलीच्या राज्यात पळून गेले होते. पुण्याने त्यांची मागणी केली आणि हैदराने त्यांना परत पाठवले. हाल करून त्यांना ठार करण्यात आले. तेही आश्रयालाच गेले होते, पण त्यांच्याजवळ द्यायला साष्टी नव्हती. ज्याने तलवार चालवली तो परत मिळतो, आणि ज्याच्यासाठी चालवली तो मिळत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला हे उत्तर देताना माझा आवाज जरा खाली येतो.

राघोबाची फिर्याद विलायतेपर्यंतही गेली. हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि मणियार हा पारशी, असे वकील त्याने लंडनला पाठवले. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या काळात एका ब्राह्मणाला सातासमुद्रापार जावे लागले ते धन्याच्या गादीसाठी. १७८१ साली तेथे त्यांची आबाळ होत असलेली पाहून एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले, आणि सोवळ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून बागेतले काचघर रिकामे करून दिले. बर्क मोठ्या मनाचा माणूस. हिंदुस्थानातल्या कंपनीच्या जुलुमाबद्दल पुढे त्यानेच वॉरन हेस्टिंग्जवर पार्लमेंटात खटला उभा केला. पण त्या काचघरात शिजणारा भात कोणाच्या वतीने शिजत होता हे त्याला कितपत ठाऊक असेल? पाहुण्यांच्या तोंडून जी हकीकत ऐकायची तीत पाहुण्यांचा धनी नाडलेलाच असणार. शनिवारवाड्यातला चाफाजी टिळेकर लंडनला वकील पाठवू शकत नव्हता.

मध्यंतरी डाव एकदा उलटलाही होता. १७७८ च्या अखेरीस मुंबईची फौज राघोबाला घेऊन बोरघाट चढली. मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड केला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याला आपले लोक कौतुकाने ‘ईष्टुर फाकडा’ म्हणत. तळेगावाहून माघार घेणारी फौज वडगावला कोंडली गेली. आता राघोबाला दिल्याखेरीज सुटका नाही असे दिसताच राघोबाने स्वतःच महादजी शिंद्याचा तळ गाठला. पुण्याच्या नानाच्या हाती पडण्यापेक्षा महादजी बरा, हा त्याचा हिशेब बरोबर ठरला. महादजीने त्याला पुण्यास न पाठवता झाशीकडे रवाना केले. नर्मदेच्या वाटेवर पहारा मारून तो निसटला आणि १७७९ च्या जूनमध्ये पुन्हा गुजरातेत, इंग्रजांच्या जनरल गॉडर्डच्या छावणीत हजर झाला. महादजीनेच काणाडोळा केला असा संशय तेव्हा घेतला गेला. खरे-खोटे काहीही असो, परागंदा माणूस हे केवळ परक्याच्या हातचे नाणे नसते. घरच्या मुत्सद्द्यांनाही ते आपल्या कनवटीला असावेसे वाटते.

अखेर युद्धाने दोन्ही पक्ष थकले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. इंग्रजांनी राघोबाचा हात सोडला. त्याने चार महिन्यांत राहण्याचे ठिकाण ठरवावे आणि पेशव्यांकडून दरमहा पंचवीस हजार घ्यावेत, असे कलम पडले. सात वर्षे त्याच्या हक्कासाठी लढत असल्याचे सांगणाऱ्या मित्रांनी त्याला एका कलमात संपवला. तो कोपरगावास येऊन राहिला आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारला. वय एकोणपन्नास. प्रायश्चित्त झाले नाही, देहान्त तेवढा झाला. रामशास्त्री त्या वेळी हयात होते. बारभाईंनी त्यांना सन्मानाने परत न्यायाधीश केले होते. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते काय म्हणाले, याची नोंद नाही. कादंबरीकाराला येथे एक प्रकरण लिहिण्याचा मोह होतो; इतिहास लिहिताना तो आवरावा लागतो.

तर मग दादाला शिक्षा झाली का? निवाड्याप्रमाणे नाही झाली. पण एवढेच म्हणून थांबणे नानावर अन्याय करण्यासारखे आहे. पुणे दरबाराने दहा वर्षांत एकदाही असे म्हटले नाही की झाले ते झाले, दादांना गादीवर घ्या आणि साष्टी वाचवा. तो सौदा करता आला असता. खुनी म्हणून ठरलेला माणूस पेशवा होणार नाही, या एका गोष्टीसाठी त्यांनी कंपनीशी युद्ध पत्करले आणि ती गोष्ट त्यांनी राखली. रामशास्त्र्यांच्या निवाड्याचा अर्धा भाग, म्हणजे ‘हा राज्य करण्यास अपात्र आहे’ एवढा, अंमलात आला. अर्धाच; पण जगातल्या अनेक निवाड्यांच्या नशिबी तेवढेही नसते.

आज गुन्हेगार परत देण्याचे कायदे आहेत. ब्रिटिश पार्लमेंटने १८७० साली तसा कायदा केला आणि त्यात ‘राजकीय गुन्हा’ वगळला. हेतू चांगला होता. जुलमी राजाच्या तावडीतून सुटलेला देशभक्त परत धाडला जाऊ नये. पण तेव्हापासून धन घेऊन पळालेला प्रत्येक सत्ताधारी आपला गुन्हा राजकीय म्हणू लागला. राघोबाही तेच म्हणत होता. पेरूचा राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी २००० साली जपानात गेला आणि तेथून फॅक्सने राजीनामा पाठवून तेथेच राहिला. हा आमचा नागरिक आहे असे सांगून जपानने त्याला परत दिले नाही. पुढे तो स्वतः चिलीत गेला; २००७ साली चिलीच्या वरिष्ठ न्यायालयाने त्याला परत पाठवले आणि २००९ साली त्याला पंचवीस वर्षांची सजा झाली. माणूस तोच, आरोपही तेच. दार तेवढे दुसरे होते. आपल्याकडे १९६२ साली प्रत्यर्पणाचा कायदा झाला, ब्रिटनशी १९९२ साली करार झाला, आणि २०१८ साली शंभर कोटींहून मोठ्या गुन्ह्यांत परदेशी पळणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदाही झाला. कायद्याच्या नावातच ‘फरारी’ हा शब्द घालावा लागावा, यावरून सुरतेची वाट अजून मोडलेली नाही हे कळते. पेटी जप्त करण्याचा विचार या कायद्यात आहे, तो मला शहाणपणाचा वाटतो. पेटी नसेल तर यजमानाचा धर्म कसाला लागतो.

राघोबाच्या घराण्यात मात्र ती वाट वहिवाटीची झाली. धारच्या किल्ल्यात जन्मलेला त्याचा मुलगा बाजीराव १८०२ च्या ऑक्टोबरात होळकराकडून हडपसरला हरला, कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या गलबतातून वसईला गेला. तेथे ३१ डिसेंबरला त्याने तह केला आणि तैनाती फौज पदरात घेतली. बापाने एक प्रांत लिहून दिला होता, मुलाने राज्य लिहून दिले.

आणि मग काळाने एक चमत्कारिक फेरा पुरा केला. १८१५ च्या जुलैत पंढरपुरास बडोद्याचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा खून झाला. संशय पेशव्याचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने बाजीरावाकडे मागणी केली की खुनाच्या आरोपीला आमच्या हवाली करा. चाळीस वर्षांपूर्वी खुनाचा दोषी हवाली करा असे पुरंदरावर मराठे म्हणत होते आणि इंग्रज नाही म्हणत होते. आता इंग्रज मागत होते आणि पेशव्याला नाही म्हणता येईना. त्रिंबकजीला स्वाधीन करण्यात आले. १८१६ साली तो कैदेतून पळाला तेव्हा इंग्रजांनी सिंहगड, पुरंदर आणि रायगड तारण म्हणून मागून घेतले. न्याय तोच होता. हात कोणाचा लांब आहे एवढेच बदलले होते.

त्रिंबकजीला त्यांनी कोंडले होते ते ठाण्याच्या किल्ल्यात. १७३७ साली चिमाजीअप्पाने घेतलेला, १७७४ साली गेलेला, सुरतेस राघोबाने ज्याची पावती लिहून दिली तोच हा किल्ला. सालबाईच्या तहाने राघोबा परत आला, वसई परत आली. साष्टी आली नाही. ठाण्याच्या त्या किल्ल्यात आजही तुरुंग आहे.